१४. सूडकथेची वाट : कादंबरी ते चित्रपट

प्रस्तावना

गोष्ट ऐकणे ही माणसाची फार जुनी आवड आहे. आजीने सांगितलेली कहाणी, कीर्तनकाराने रंगवलेले आख्यान, रंगभूमीवरील नाटक आणि पडद्यावरील चित्रपट ही सारी त्या एकाच आवडीची निरनिराळी रूपे होत. माध्यमे बदलतात, परंतु काही कथांचे सांगाडे बदलत नाहीत. 'निरपराध माणसावर अन्याय होतो, तो जगाच्या दृष्टीने नाहीसा होतो, पुढे तो नव्या रूपात परत येतो आणि अपराध्यांचा हिशेब चुकता करतो' हा असाच एक सांगाडा आहे. अशा कथेला आपण 'सूडकथा' म्हणतो.

एकोणिसाव्या शतकातील एक प्रसिद्ध फ्रेंच कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला २००२ सालचा इंग्रजी चित्रपट यांच्या आधारे सूडकथेची रचना या पाठात समजून घेऊ या. कादंबरी पडद्यावर येताना काय टिकते, काय गळते आणि त्यामुळे कथेचा अर्थ कसा बदलतो, याचाही विचार आपण करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्ही –

• सूडकथेतील प्रमुख संकेत ओळखू शकाल;
• कादंबरी व चित्रपट या दोन माध्यमांतील फरक उदाहरणांसह सांगू शकाल;
• रूपांतरात केलेल्या बदलांचा कथेच्या आशयावर होणारा परिणाम स्पष्ट करू शकाल;
• सूड आणि न्याय यांतील भेदाविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

१४.१ लेखक आणि कादंबरी

अलेक्झांद्र द्युमा (१८०२–१८७०) हे फ्रेंच भाषेतील अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार. त्यांचे वडील फ्रेंच सैन्यात सेनापती होते. वडिलांची आई ही कॅरिबियन बेटावरील एक गुलाम स्त्री होती. इजिप्तच्या मोहिमेवरून परतताना या सेनापतीला इटलीच्या दक्षिण भागात कैद झाली आणि सुमारे दोन वर्षे त्याला तुरुंगात काढावी लागली. तेथून तो खचलेल्या प्रकृतीने परतला आणि मुलगा चार वर्षांचा होण्यापूर्वीच, १८०६ साली, मरण पावला. द्युमांच्या लेखनात विनाकारण भोगलेल्या बंदिवासाचे चित्र इतके तीव्रतेने का येते, हे समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या नावाने जगभर ओळखली जाणारी त्यांची कादंबरी पॅरिसच्या 'जुर्नाल दे देबा' या वृत्तपत्रातून १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ओग्युस्त माके हे तिच्या लेखनात त्यांचे सहकारी होते. वृत्तपत्रातील कादंबरीचे एक बंधन असते. आजचा भाग वाचून संपल्यावर वाचकाला उद्याच्या भागाची ओढ लागली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एखादे रहस्य, एखादे संकट किंवा एखादा अनपेक्षित प्रवेश ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे याच गुणामुळे ही कादंबरी रंगभूमीला आणि चित्रपटाला सोयीची ठरली.

१४.२ कथानक

कथेचा आरंभ फेब्रुवारी १८१५ मध्ये, फ्रान्समधील मार्सेय या बंदरात होतो. एदमाँ दांतेस हा एकोणीस वर्षांचा खलाशी लवकरच जहाजाचा कप्तान होणार आहे. मर्सेदेस या तरुणीशी त्याचा विवाह ठरला आहे. तिघांच्या स्वार्थामुळे त्याचे हे भाग्य हिरावले जाते. जहाजावरील दांग्लारला त्याची बढती सहन होत नाही. फर्नांला मर्सेदेस हवी आहे. तिसरा व्हिलफोर हा सरकारी वकील. मरणोन्मुख कप्तानाच्या आज्ञेमुळे दांतेसने एल्बा बेटावरून, म्हणजे हद्दपार नेपोलियनकडून, एक पत्र आणलेले असते. ते व्हिलफोरच्याच वडिलांच्या नावे आहे. स्वतःच्या बढतीस धोका होऊ नये म्हणून व्हिलफोर ते पत्र जाळतो आणि दांतेसला चौकशीशिवाय शातो दिफ या समुद्रातील किल्ल्यात डांबतो.

तेथे दांतेसची चौदा वर्षे जातात. भुयार खोदणारा वृद्ध कैदी आबे फारिया चुकून त्याच्या कोठडीत पोहोचतो. तो त्याला गणित, इतिहास, भाषा शिकवतो आणि मॉन्टे क्रिस्टो बेटावरील गुप्त खजिन्याचा ठावठिकाणा सांगतो. फारियाच्या मृत्यूनंतर दांतेस त्याच्या प्रेताच्या जागी स्वतःला कफनाच्या पोत्यात शिवून घेतो. पहारेकरी ते पोते समुद्रात फेकतात आणि दांतेस पोहत निसटतो. खजिना हाती आल्यावर तो 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' म्हणून पॅरिसच्या श्रीमंत समाजात वावरू लागतो आणि एकेका शत्रूला गाठतो.

पाठगत प्रश्न १४.१

१. कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) ही कादंबरी प्रथम ............ मधून प्रसिद्ध झाली. (ग्रंथ / वृत्तपत्र / नाटक)
(आ) दांतेसला ............ या किल्ल्यात कैद करण्यात आले. (एल्बा / शातो दिफ / मॉन्टे क्रिस्टो)

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
व्हिलफोरने पत्र का जाळले?

१४.३ सूडकथेचे संकेत

एखाद्या प्रकारच्या कथांमध्ये ज्या गोष्टी वारंवार येतात आणि ज्यांची वाचक किंवा प्रेक्षक मनातल्या मनात अपेक्षा करतो, त्यांना 'संकेत' म्हणतात. संकेत हा कथेचा दोष नव्हे. अभंगाला जसे ठरावीक चरण असतात, तसे कथाप्रकाराला संकेत असतात. लेखकाचे कौशल्य ते पाळण्यात आणि योग्य वेळी मोडण्यात दिसते. केव्हिन रेनॉल्ड्स यांनी दिग्दर्शित केलेल्या २००२ सालच्या चित्रपटात हे संकेत स्पष्टपणे पाहता येतात. त्यात जिम कॅव्हिझेल यांनी दांतेसची, गाय पिअर्स यांनी फर्नांची आणि रिचर्ड हॅरिस यांनी फारियाची भूमिका केली आहे.

(क) विश्वासघात. सूडकथेत घाव परक्याकडून येऊन भागत नाही. तो जवळच्या माणसाकडून यावा लागतो. कादंबरीतील फर्नां हा केवळ प्रेमातील प्रतिस्पर्धी आहे. चित्रपटाने त्याला दांतेसचा जिवलग मित्र केले. तो श्रीमंत सरदाराचा मुलगा, तर दांतेस गरीब खलाशी. तरीही गरीब मित्राचे सुख श्रीमंताला बोचते. या एका बदलामुळे विश्वासघात अधिक गडद झाला आणि अनेक शत्रूंच्या कथेला एक मुख्य शत्रू मिळाला.

(ख) अंधार आणि गुरू. नायकाला शक्ती मिळण्यापूर्वी त्याने सारे काही गमावले पाहिजे. चित्रपटातील तुरुंगाधिकारी दरवर्षी कैद्याच्या आगमनाच्या दिवशी त्याला फटके मारतो. या तपशिलामुळे काही क्षणांतच वर्षे सरल्याची जाणीव प्रेक्षकाला होते. फारिया येतो तो याच अंधारात. कादंबरीतील दांतेसला लिहिता-वाचता येते. चित्रपटातील दांतेस निरक्षर आहे. तो फारियाकडून अक्षरे शिकतो, ग्रंथ वाचतो आणि तलवारही चालवायला शिकतो. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याच्या थेंबांमधून हात न भिजवता फिरवण्याचा सराव हा त्या शिक्षणातील लक्षात राहणारा प्रसंग आहे. सुटकेची इच्छा असलेल्या माणसाला गुरू आधी विद्या देतो आणि खजिन्याचे रहस्य नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

(ग) मरण आणि पुनर्जन्म. कफनातून सुटका हे या कथेचे हृदय आहे. जुना दांतेस जगाच्या दृष्टीने मेला आणि समुद्रातून दुसराच माणूस बाहेर आला, असा याचा अर्थ. म्हणूनच यापुढे त्याचे नाव, वेश, बोलणे आणि चालणे सारे बदलते. चित्रपटात तो भव्य मेजवानीच्या वेळी चक्क उष्ण हवेच्या फुग्यातून उतरतो. हा प्रसंग कादंबरीत नाही. परंतु 'नव्या माणसाचा प्रवेश थाटात व्हावा' हा साहसपटाचा संकेत तो पाळतो.

(घ) खूण. ओळख पटवण्यासाठी कथेत एखादी वस्तू पेरलेली असते. येथे अशा दोन खुणा आहेत. पहिली बुद्धिबळातील राजाची सोंगटी. दोघे मित्र ती आळीपाळीने एकमेकांना देत असतात. दांतेस पकडला जातो तेव्हा फर्नां ती त्याच्या हाती ठेवतो. शेवटी फर्नां सोन्याच्या आशेने पेट्या उघडतो, तेव्हा त्याला माती आणि तीच सोंगटी सापडते. दुसरी खूण मर्सेदेसच्या बोटातील दोऱ्याची अंगठी. तिने ती इतकी वर्षे काढलेली नसते. आरंभी बीज पेरायचे आणि शेवटी त्याचे फळ दाखवायचे, ही युक्ती प्रत्येक चांगल्या कथाकाराला अवगत असते.

(ङ) जशास तसे. सूडकथेतील शिक्षा अपराधाला शोभणारी असते. दांग्लारला पैशाचा लोभ, म्हणून तो पैशामुळेच पकडला जातो. व्हिलफोरने कायद्याचा दुरुपयोग केला, म्हणून त्याचे गुपित कायद्यापुढेच उघडे पडते. आपल्या भाषेत आपण याला 'काट्याने काटा काढणे' म्हणतो.

(च) द्वंद्व. तलवारबाजीच्या साहसपटाचा शेवट द्वंद्वयुद्धाने होतो, अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते. आरंभी फर्नांने दांतेसला तलवारीच्या झटापटीत सहज हरवलेले असते. अखेरच्या द्वंद्वात दांतेस जिंकतो. एकच प्रसंग दोनदा, पण उलट निकालाने दाखवल्यामुळे नायकात झालेला बदल शब्दांविना कळतो.

पाठगत प्रश्न १४.२

१. जोड्या लावा.
(अ) राजाची सोंगटी – (१) पुनर्जन्म
(आ) कफनाचे पोते – (२) नायकातील बदल
(इ) अखेरचे द्वंद्व – (३) ओळखीची खूण

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) कादंबरीत फर्नां हा दांतेसचा बालमित्र आहे.
(आ) उष्ण हवेच्या फुग्याचा प्रसंग फक्त चित्रपटात आहे.

१४.४ रूपांतरात काय बदलले?

कादंबरी हजारापेक्षा अधिक पृष्ठांची. चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा. इतके मोठे विश्व एवढ्या वेळात बसवायचे तर निवड करावीच लागते. चित्रपटाने अनेक पात्रे पूर्णपणे वगळली. त्यांत हायदे हे महत्त्वाचे पात्र होते. कादंबरीत फर्नांने ज्या राजाचा घात केला, त्याची ही मुलगी. ती फ्रेंच उमरावांच्या सभेपुढे साक्ष देते आणि फर्नांची कीर्ती धुळीस मिळते. पत्नी व मुलगा घर सोडून जात आहेत हे पाहून फर्नां स्वतःवर गोळी झाडतो. म्हणजे कादंबरीत फर्नांचा नाश तलवारीने होत नाही. तो सत्याच्या साक्षीने होतो. सभागृहातील साक्ष वाचायला विलक्षण परिणामकारक आहे. पडद्यावर मात्र दिग्दर्शकाने तिच्याऐवजी द्वंद्वयुद्ध निवडले.

दुसरा बदल अधिक खोल आहे. कादंबरीत अल्बेर हा फर्नां आणि मर्सेदेस यांचा मुलगा आहे. वडिलांच्या अपमानासाठी तो काउंटला द्वंद्वयुद्धाचे आव्हान देतो. मर्सेदेस रात्री येऊन मुलाच्या प्राणांची भीक मागते. काउंट कबूल होतो. याचा अर्थ त्याने स्वतःचे मरण पत्करलेले असते. शत्रूच्या निरपराध मुलाला वाचवण्यासाठी तो आयुष्यभराचा सूड सोडायला तयार होतो, ही त्याची खरी कसोटी. पुढे अल्बेर स्वतःच माघार घेतो आणि द्वंद्व टळते. चित्रपटात मात्र अल्बेर दांतेसचाच मुलगा निघतो. प्रेक्षकाला आनंद होतो, कुटुंब एकत्र येते; पण कसोटी हलकी होते. स्वतःच्या मुलाला वाचवणे स्वाभाविक आहे. शत्रूच्या मुलाला वाचवण्यासाठी मात्र मन बदलावे लागते.

तिसरा बदल शेवटाचा. कादंबरीत व्हिलफोरच्या घरात विषप्रयोग होतात. त्यांत त्याचा लहान मुलगा एदुआर बळी पडतो. त्या बालकाचे प्रेत पाहून काउंटला पहिल्यांदा शंका येते की, आपण ईश्वराच्या वतीने न्याय करीत आहोत, हा आपला समजच चुकीचा नव्हता ना? यानंतर तो दांग्लारला क्षमा करतो. मर्सेदेस त्याला परत मिळत नाही. तो हायदेबरोबर समुद्रमार्गे निघून जातो. चित्रपटात कोणाही बालकाचा बळी जात नाही. दांतेस, मर्सेदेस, अल्बेर आणि विश्वासू सेवक जाकोपो एकत्र येतात आणि दांतेस शातो दिफच्या भूमीवरच सूडाचा त्याग करतो.

चित्रपट कमी प्रतीचा आहे, असा याचा अर्थ नव्हे. दोन तासांत कथा वेगाने, स्पष्टपणे आणि नेत्रसुखद रीतीने सांगण्याचे काम तो उत्तम करतो. परंतु प्रत्येक रूपांतर हे एक मत असते. २०२४ साली फ्रान्समध्ये याच कादंबरीवर जवळजवळ तीन तासांचा नवा चित्रपट आला. त्यात पिएर निने यांनी दांतेसची भूमिका केली आणि हायदेचे पात्र कायम राहिले. म्हणजे एकाच ग्रंथातून दोन चित्रपटांनी वेगवेगळ्या गोष्टी उचलल्या.

१४.५ फारिया आणि गोमंतक

आबे फारिया हे नाव मराठी आणि कोकणी वाचकांना परके वाटू नये. जुझे कुस्तोदियो द फारिया या धर्मगुरूंचा जन्म १७५६ साली गोव्यातील बार्देश भागातील कांदोळी येथे झाला. लहानपणीच ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, पुढे रोममध्ये त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि नंतर पॅरिसमध्ये स्थायिक झाले. संमोहनाची निद्रा कोणत्याही अदृश्य द्रवामुळे येत नाही, ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातूनच निर्माण होते, असे मत त्यांनी मांडले. त्या काळात ते धाडसाचे होते. १८१९ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पणजी येथे जुन्या सचिवालयाच्या शेजारी त्यांचा पुतळा उभा आहे.

द्युमांनी आपल्या वृद्ध कैद्याला याच धर्मगुरूंचे नाव दिले, असे मानले जाते. मात्र कादंबरीतील फारिया इटालियन आहे आणि त्याचे चरित्र काल्पनिक आहे. खऱ्या व्यक्तीचे नाव घ्यायचे आणि तिच्याभोवती नवी कथा रचायची, ही ऐतिहासिक कादंबरीकारांची नेहमीची पद्धत आहे. वाचकाने इतिहास आणि कल्पना यांची गल्लत करू नये.

१४.६ सूड की न्याय?

सूड आणि न्याय या दोन शब्दांचा आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापर करतो; पण त्यांत मोठे अंतर आहे. न्यायाला साक्षी-पुरावा लागतो, दुसरी बाजू ऐकावी लागते आणि शिक्षेला मर्यादा असते. सूडात फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच असतो. दांतेसवर झालेला खरा अन्याय कोणता? त्याची बाजू कोणी ऐकलीच नाही. चौकशीविना त्याला डांबले गेले. आणि पुढे तोही इतरांचे भवितव्य एकट्यानेच ठरवू लागतो. ज्या पद्धतीने त्याला छळले, तीच पद्धत त्याच्या हाती येते. फारियाला हा धोका आधीच कळलेला असतो. शत्रू कोण हे दांतेसला उलगडून दाखवल्याबद्दल कादंबरीतील फारियाला पश्चात्ताप होतो, कारण त्यामुळे त्या तरुण मनात सूडाने घर केले.

या कथेत दांतेसला दोन खजिने मिळतात. एक बेटावरील सोने. दुसरा कोठडीत मिळालेली विद्या. सोन्याने त्याला सूड घेता आला. विद्येने त्याला विचार करता आला, आणि शेवटी विचारानेच त्याचा हात थांबवला. उशिरा, कठीण परिस्थितीत, पुस्तकाशिवायही शिक्षणाला आरंभ करता येतो, ही गोष्ट या पाठाच्या वाचकाला वेगळी सांगण्याची गरज नाही.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ लक्षात घ्या व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

हिशेब चुकता करणे – केलेल्याची परतफेड करणे
धुळीस मिळणे – पूर्णपणे नष्ट होणे
घर करणे – मनात कायम ठसणे
काट्याने काटा काढणे – ज्या उपायाने त्रास झाला त्याच उपायाने तो दूर करणे

तुम्ही काय शिकलात

• सूडकथेत विश्वासघात, बंदिवास, गुरू, पुनर्जन्म, ओळखीची खूण, जशास तशी शिक्षा आणि द्वंद्व हे संकेत आढळतात.
• वृत्तपत्रातून क्रमशः येणाऱ्या कादंबरीत उत्कंठा टिकवण्याला महत्त्व असते.
• चित्रपटाने पात्रे कमी केली, शत्रूला मित्र केले आणि शेवट सुखान्त केला.
• अशा बदलांमुळे कथेचा नैतिक प्रश्न बदलतो.

पाठान्त प्रश्न

१. 'संकेत हा कथेचा दोष नव्हे' हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. अल्बेर कोणाचा मुलगा आहे या बदलामुळे कथेत काय फरक पडला ते लिहा.
३. कादंबरीचा आणि चित्रपटाचा शेवट यांची तुलना करा. तुम्हाला कोणता अधिक पटतो? सकारण लिहा.
४. 'सूडात फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच असतो.' या विधानावर आठ-दहा ओळी लिहा.

उपक्रम

तुम्ही पाहिलेली किंवा ऐकलेली एखादी सूडाची कथा निवडा. या पाठातील कोणते संकेत तिच्यात आढळतात आणि कोणते मोडलेले दिसतात, त्याची नोंद वहीत करा. शक्य असल्यास आपल्या अभ्यासकेंद्रातील सहाध्यायींशी चर्चा करा.

शब्दार्थ

मरणोन्मुख – मरणाच्या टेकीला आलेला. क्रमशः – भागाभागाने. संकेत – रूढ पद्धत. रूपांतर – एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेणे. द्वंद्व – दोघांमधील युद्ध. सुखान्त – शेवट सुखाचा असलेला. गल्लत – घोटाळा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. (अ) वृत्तपत्र (आ) शातो दिफ. २. पत्र स्वतःच्या वडिलांच्या नावे असल्याने आपल्या बढतीला धोका होईल, या भीतीने व्हिलफोरने ते जाळले.

१४.२ : १. (अ) – ३, (आ) – १, (इ) – २. २. (अ) चूक (आ) बरोबर.